एलएलपी केली की घर वाचतं का?

प्रश्न : इचलकरंजीत मी आणि चुलतभाऊ मिळून यंत्रमाग चालवतो, साधी भागीदारी फर्म आहे. सूत उधारीवर येतं. गेल्या वर्षी दोन कापड व्यापाऱ्यांनी पैसे बुडवले तेव्हापासून झोप उडालीय. सीए म्हणतो एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा, घर सेफ. बँकेचे साहेब म्हणतात काहीही करा, सही तुमचीच लागणार. मेहुणा ५ लाख घालायला तयार आहे, त्याचं काय? – एक वाचक

उत्तर : सीए आणि बँकेचे साहेब दोघंही बरोबर बोलतायत, वेगवेगळ्या उधारीबद्दल. आत्ताच्या फर्मला १९३२ चा भागीदारी कायदा लागतो, त्यात फर्मचं देणं ते भागीदारांचंच देणं, म्हणजे सुताचे ४० लाख थकले आणि चुलतभावाकडे काहीच नसलं तर सूत देणारा व्यापारी सगळेच्या सगळे ४० लाख तुमच्याकडून मागू शकतो, निम्मे-निम्मे वगैरे तुम्ही दोघं नंतर आपसात बघायचं. एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली की देणं तिच्या नावावर, धंदा बुडाला तर तिचे माग, स्टॉक, येणी जातील, तुमचं घर नाही. अर्थात लबाडी केली तर हे संरक्षण नाही. शिवाय सीएने बहुतेक सांगितलं नसेल, फर्मची एलएलपी केली तरी आधीची जुनी देणी तुमच्या डोक्यावर राहतातच.

आता बँक. जामीनदार म्हणून सही केलीत की एलएलपी असून नसून सारखीच, निदान त्या कर्जापुरती. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ललितकुमार जैन प्रकरणात सांगितलंय की दिवाळखोरीत कंपनीची देणी मिटवून तिला सावरायचा प्लॅन मंजूर झाला म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही. तेव्हा सही करायचीच तर जामिनाचा आकडा ठरावीक लिहून घ्यायला बघा, सगळ्या कर्जाला मोघम सही नको, आणि वडिलांना-बायकोला त्यात ओढू नका. बँक लगेच ऐकेल असं नाही, पण विचारायला काय जातंय.

मेहुण्याला आत्ताच्या फर्ममध्ये भागीदार अजिबात करू नका, ५ लाख घालून बिचारा पुढच्या सगळ्या देण्यांत अडकेल. माझं मत विचाराल तर प्रायव्हेट लिमिटेड काढा आणि त्याला नुसते शेअर द्या, पूर्ण पैसे भरलेले, मग बुडाले तर त्याचे ५ लाखच बुडतील. फक्त डायरेक्टर करू नका, बँका जामिनाला सहसा डायरेक्टरच्याच सह्या मागतात.