सर्व्हिस क्लबवाले (लायन्स, रोटरी वगैरे) नाटकाचे डोनेशन पास विकतात. ते पैसे खरंच गरजूंपर्यंत पोचतात का? (पुणे)

पोचतात. मी कोथरूडच्या एका क्लबात सहा वर्षं होते, त्यातली दोन वर्षं खजिनदार, पावतीपुस्तकं माझ्याच कपाटात असायची. मेंबरांची जेवणं, मीटिंगचा हॉल हे सगळं मेंबरांच्या वर्गणीतून, आणि लोकांकडून गोळा केलेल्याचं खातं वेगळं. लायन्समध्ये तर तसा नियमच आहे. पैसे खातात वगैरे जे बोललं जातं ते मला अजिबात पटत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे.

आम्ही यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात कॉन्ट्रॅक्ट शो घेतला होता (नाटकवाल्यांना ठरलेले पैसे द्यायचे, पास आपण विकायचे), पास ३००, ५०० आणि १०००चे, प्रत्येकाने वीस खपवायचे. मी पौड रोडच्या मेडिकलवाल्यापासून मुलीच्या गाण्याच्या बाईंपर्यंत कोणाला सोडलं नाही. नाटकवाल्यांचे पैसे आणि थिएटरचं भाडं जाऊन १,८५,००० उरले, त्यातून वेल्ह्यातल्या (आता राजगड तालुका म्हणतात) तीन झेडपी शाळांना आरओ मशीन दिली. ऑगस्टमध्ये लोकार्पण झालं, फीत, नारळ, मुलांना राजगिऱ्याचे लाडू, फोटो, सगळं.

पुढच्या जुलैत आम्ही घरचे तिकडे फिरायला गेलो होतो, म्हटलं शाळेत डोकावू. मशीनवर टॉवेल टाकलेला, पाइप गुंडाळून मागे खोचलेला, आमच्या क्लबचं स्टिकर तेवढं चकचकीत. मुलं शेजारच्या पिंपातलं पाणी पीत होती, पिंपाच्या तोंडाला फडकं बांधलेलं. बाई म्हणाल्या, "दिवाळीपासून बंदच आहे मॅडम. पावसात गढूळ पाणी आलं, फिल्टर चोंदला, कंपनीचा माणूस म्हणतो नसरापूरपर्यंत येतो, पुढे नाही. आणि तुमच्यातल्या कोणाचा नंबरच नव्हता आमच्याकडे." तो नंबर नव्हता हे मला इतकं लागलं की येताना गाडीत मी कोणाशी बोलले नाही.

मुळात तिथे आरओ द्यायलाच नको होता. आरओ लागतो खारट, जड पाण्याला. घाटातलं पाणी जड नसतंच, तिथे त्रास गाळाचा आणि जंतूंचा, आणि आरओ निम्म्याहून जास्त पाणी फेकून देतो, ते पण ज्या गावात एप्रिल-मेला टँकर येतो तिथे! लाईटचा भरवसा नाही ते वेगळंच. आम्ही बाईंना एकदा विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. आमच्या घरी आरओ होता म्हणून तिथे आरओ दिला, बाकी काही कारण नाही.

मीटिंगमध्ये विषय काढला तर उत्तर आलं, "ते गेल्या वर्षीचं प्रोजेक्ट आहे." १ जुलैला अध्यक्ष बदलतो ना, की मागचं सगळं अनाथ. मी म्हटलं यापुढे प्रत्येक प्रोजेक्टच्या रकमेतले १५ टक्के तीन वर्षांच्या दुरुस्तीला बाजूला ठेवा. एक ज्येष्ठ मेंबर म्हणाले, देणगीदाराला वस्तू दिसावी लागते, फिल्टर बदलायला कोण पैसे देतं? साफ चूक! त्याच मेडिकलवाल्याला मी झालेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं, त्याने तिथल्या तिथे २००० चा चेक फाडला. आम्ही दोघी जणी परत गेलो, ६,४०० रुपयांत गाळाचा फिल्टर आणि स्टीलचा कँडलवाला फिल्टर बसवला, लाईट लागतच नाही, जास्तीच्या कँडल आणि माझा नंबर बाईंना दिला. अजून दर जूनला त्यांचा मेसेज येतो, कँडल पाठवा.

रोटरीने पोलिओचं काम १९८५ ला हातात घेतलं आणि भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. मधल्या पंचवीस वर्षांत किती अध्यक्ष बदलले असतील, काम सोडलं नाही ना कोणी? मग तीन शाळांचे फिल्टर काय अवघड आहेत, हे मी तेव्हाही विचारलं होतं आणि आजही विचारते.

तेव्हा पास विकायला येईल त्याला एवढंच विचारा की मागच्या वर्षी काय दिलं, ते आज चालू आहे का, आणि तिथल्या माणसाचा फोन नंबर द्या. नंबर दिला की घ्या पास. लगेच देता आला नाही तर दोन दिवस थांबा, कारण दारात येणारा मेंबर नवा असू शकतो, आणि सगळे क्लब आमच्यासारखे नसतात, वर्षानुवर्षं एकच डायलिसिस सेंटर किंवा डोळ्यांचं काम धरून बसलेले क्लब आहेत पुण्यात.

८०जी साठी, म्हणजे देणगीवरच्या इन्कम टॅक्स सुटीसाठी, घेत असाल तर नवीन टॅक्स रिजीममध्ये ती सूट नाहीये, जुन्यात आहे पण २००० च्या वर कॅश चालत नाही, आणि पासच्या बदल्यात नाटक बघायला मिळतं म्हणून त्याची देणगीची पावती मिळेलच असं नाही, आधी विचारून घ्या. आणि पास घेऊन जाणार नसाल तर निदान तो परत द्या, आम्ही असे पास वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना द्यायचो, न्यायला-आणायला मेंबरांच्याच गाड्या.