बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसतंय तरी सेल्फ कण्हतोय? करंट वाहताना मोजा

बॅटरी नवीन, सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) मोठ्या नटावर पण 12.6, तरी इंजिन गरम झालं की सेल्फ कण्हत फिरतो नाहीतर नुसता टक् करून गप्प, आणि मेकॅनिक म्हणतोय सेल्फच बदला. थांबा जरा, एवढ्यात काही उतरवू नका. हे 12.6 करंट वाहत नसतानाचं आहे हो, तेव्हा अर्धी कुजलेली केबलसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. सेल्फ मारला की दीडशे-दोनशे अँपिअर सहज ओढतो, 200 अँपिअरला नुसता 0.01 ओहम अडथळा असला तरी 2 व्होल्ट तिथेच गेले. एवढा बारीक ओहम साध्या मीटरला कळतच नाही, म्हणून ओहमवर केबल तपासणं सोडा.

गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, इग्निशन कॉईलची प्लस वायर काढून बाजूला (म्हणजे इंजिन चालू होणार नाही), मीटर 20 व्होल्ट डीसीवर आणि सेल्फ मारायला दुसरा माणूस. आधी बॅटरी, सेल्फ फिरताना 9.6 च्या खाली जायला नको, गेली तर नवीन असो नाहीतर जुनी, आधी चार्ज करून लोड टेस्ट. मग लाल प्रोब बॅटरीच्या प्लस खांबावर (क्लॅम्पवर नको, शिशाच्या खांबावरच, नाहीतर खांब आणि क्लॅम्पमधला गंज मोजणीतून निसटतो), काळा सोलेनॉइडमधून (सेल्फला करंट जोडणारा स्विच) मोटरमध्ये जाणाऱ्या मोठ्या नटावर. फिरताना 0.5 पर्यंत ठीक, जास्त आलं तर केबल, तिच्या टोकाचा लग नाहीतर सोलेनॉइडचे जळके काँटॅक्ट.

माझा खरा संशय अर्थवर आहे, म्हणजे इंजिन आणि बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परतणाऱ्या करंटच्या वाटेवर. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीशी त्याचं नातं एका पट्टीपुरतं, आणि रंगकाम केलेल्या गाडीत त्या पट्टीखाली हमखास रंग सापडतो. सेल्फ फिरताना बॅटरीचा मायनस खांब ते सेल्फची बॉडी मोजा, 0.3 च्या वर गेलं तर पट्टी काढून पत्रा चकचकीत घासा. सेल्फ मारताना चोकची केबल कोमट लागली तर समजा करंट तिकडून वाट काढतोय. जंपर केबलने मायनस थेट इंजिन ब्लॉकला जोडून बघा, सेल्फ सुटला की चोर सापडला.

नुसतं टक् होत असेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरवर किल्ली फिरवलेली असताना व्होल्टेज बघा, 8-9 च्या आसपास रेंगाळत असेल तर इग्निशन स्विच झिजलाय, एक रिले टाकला की काम होतं. सोलेनॉइडमधल्या गरम कॉईलचा रेझिस्टन्स वाढतो म्हणून हा त्रास गरमीतच जास्त. एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये जरा थंड होऊ द्या. पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेली) गाडी असेल तर प्रोब उलटे, आकडे तेच, 6 व्होल्टची असेल तर सगळे आकडे निम्मे धरा.

ड्रॉप (वाटेत गळणारे व्होल्ट) सगळे नीट आणि सेल्फला 10 व्होल्ट पोचूनही तो रखडतोय, तेव्हाच सेल्फ खोला, बुश झिजून आर्मेचर (आतला फिरता भाग) घासत असेल नाहीतर कार्बन ब्रश संपलेत. फक्त एक बघा, कॉईलची वायर काढल्यावर गरम इंजिनही झरझर फिरत असेल आणि लावल्यावर अडखळत असेल, तर सेल्फचा काही दोष नाही, इग्निशन टायमिंग जास्त अॅडव्हान्स झालंय, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडतेय.