ओंबीतच मोड का येतात?

प्रश्न : आमच्याकडं हौसेनं थोडा जव केला होता, काढणीच्या टायमाला पाऊस लागला आणि ओंबीतच मोड आले, पण बांधापलीकडच्या दुसऱ्या वाणाला काहीच झालं नाही. असं का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : दादा, वाईट वाटलं वाचून. हा बियाण्याच्या झोपेचा प्रश्न आहे, म्हणजे सुप्तावस्थेचा; काही वाणांचा दाणा ओल लागली तरी झोपून राहतो, काहींचा लगेच जागा होतो. आता गंमत बघा, माल्टवाल्याला (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) दाणा भिजवला की सगळा एकदम मोडायला पाहिजे, कारण मोड येतानाच अमायलेज वगैरे एन्झाइम तयार होतात आणि पिठाची साखर होते (आपण नाचणीला मोड आणून सत्व करतो तेच की), आणि शेतकऱ्याला मात्र पावसात दाणा झोपलेलाच हवा. अमेरिकेत स्टेप्टो हा झोपाळू वाण आणि मोरेक्स हा माल्टचा वाण, दोघांचा संकर करून त्यातून १५० वेगवेगळे वंश (शुद्ध ओळी) तयार केले, प्रत्येकाची उगवण आणि डीएनएच्या खुणा जुळवून बघितल्या. जवाच्या ७ गुणसूत्रांपैकी पाचव्यावर झोप ठरवणारी मोठी जागा सापडली, आणि २०१६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तिथला जीनच हुडकला, अलानिन अमिनोट्रान्सफरेज नावाचं एन्झाइम बनवणारा. मला हे काम फार मोलाचं वाटतं. मोड आलेला दाणा तेवढा बियाण्याला ठेवू नका.