मन खचलेलं असताना शब्बाथ

ठाण्याहून एक ताई विचारतात: आई गेल्यापासून शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावते, पण आतून काहीच वाटत नाही. हे ढोंग नाही का?

नाही, ताई. कोकणात आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, पूर्वजांजवळ पिढ्यानपिढ्या ना पुस्तकं होती, ना रब्बी, म्हणजे धर्मगुरू. पाठ असलेली शेमा ही एकाच देवाची प्रार्थना होती, आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, म्हणून तेलाचा घाणा बंद. त्यावरूनच गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. दर शनिवारी त्यांचं मन भरून येत असेल असं मला वाटत नाही; घाणा मात्र थांबायचा. आपला धर्मग्रंथ तल्मूदही म्हणतो, हेतू शुद्ध नसला तरी आज्ञा पाळत राहा, पाळता पाळता तो शुद्ध होतो. पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात. एवढं हातांना येतंय ना? या शुक्रवारी तेवढंच करा.

इस्राएलमधल्या लोदहून एक वाचक: आधी सगळं पाळायचो. आता तेफिलाचं, म्हणजे प्रार्थनेचं, पुस्तकही उघडवत नाही. संदेष्टे एलियाहू हन्नाबीचं नाव घ्यायचीसुद्धा लाज वाटते.

त्यांचंच नाव घ्या. मलिद्याचं ताट मांडून आपण ज्यांना आळवतो, ते एलियाहू कर्मेल डोंगरावर जिंकल्यानंतर ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळाले, रतामाच्या झुडपाखाली बसले आणि म्हणाले, "पुरे झालं, देवा, माझा जीव घे." देवदूत आला, पण त्याने उपदेश केला नाही. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. "ऊठ, खा." ते खाऊन पुन्हा झोपले, तरी तो रागावला नाही. दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खायलाच सांगितलं, कारण पुढची वाट लांबची होती. त्या बळावर ते चाळीस दिवस चालले. हा अध्याय मी कितीदा वाचला असेल, त्या भाकरीपाशी दर वेळी थांबतो.

तेव्हा आधी वेळेवर जेवा, झोपा. निजताना शेमाची पहिली ओळ म्हणा, बाकी राहू द्या. हिब्रू जड जात असेल तर देवाशी मराठीत बोला. ब्रात्सलावचे रब्बी नाहमान (१७७२–१८१०) रोज एकांतात आपल्या बोलीत देवाशी बोलायला सांगत.

आणखी एक प्रश्न: नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, डॉक्टर उपास नको म्हणतात. पाप लागेल का?

जीव वाचवणं हे उपासाच्या वर आहे. डॉक्टरांचं म्हणणं रब्बींना सांगा, आणि गोळी स्वतःहून बंद करू नका. मनाचा आजार हा आजारच, हे आपल्याकडे जुनं आहे: "दुष्ट आत्म्या"मुळे शब्बाथला दिवा विझवणाऱ्याला मिश्ना हा जुना नियमग्रंथ दोषी धरत नाही, आणि तो "आत्मा" म्हणजे उदासीचा रोग, असा अर्थ मध्ययुगातले पंडित आणि वैद्य रंबाम यांनी लावला.

तल्मूदात एक गोष्ट आहे. आजारी रब्बी हिय्यांना रब्बी योहानान यांनी विचारलं, "हे दुःख तुला हवंसं वाटतं का?" ते म्हणाले, "दुःखही नको, त्याचं फळही नको." "मग हात दे." हात दिला आणि ते उठले. पुढे योहानान स्वतः आजारी पडले, तेव्हा त्यांनाही दुसऱ्याचाच हात लागला. तुम्हीही कुणाचा तरी धरा. जीव नकोसा झाला तर शब्बाथ असला तरी फोन उचला. भारतात टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.