खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये एकाला बॉल बदलतात आणि दुसऱ्याला रॉड टाकतात, असं का?

तुमची आई ७६ वर्षांची आहे, परवा पहाटे बाथरूममध्ये घसरली आणि डॉक्टर रॉड टाकायचं म्हणताहेत. समोरच्या काकूंना गेल्या वर्षी याच दुखण्यासाठी बॉल बसवला होता, म्हणून आईवर कमी प्रतीचा इलाज होतोय का, अशी शंका तुम्ही विचारली आहे. शिवाय घरातली मोठी माणसं म्हणताहेत की या वयात चिरफाड नको, वजन लावून दीड-दोन महिने झोपवून ठेवू. मी हाडांचा डॉक्टर आहे. ही दोन्ही वाक्यं मी दर आठवड्याला ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इलाज कमी प्रतीचा नाही. दोघींचं हाड वेगवेगळ्या जागी मोडलंय, एवढंच. मांडीचं हाड वर जाऊन आतल्या बाजूला वळतं. त्या वळणाला आम्ही मान म्हणतो आणि मानेच्या टोकाला असतो तो गोळा, म्हणजे तुमचा 'बॉल'. मान जिथे खोडाला मिळते तिथे दोन उंचवटे आहेत. त्यातला बाहेरचा, कुशीवर झोपल्यावर गादीला टेकतो तो, हाताला सहज लागतो. आईचं हाड या दोन उंचवट्यांच्या मधून मोडलं असणार. केसपेपरवर 'आयटी फ्रॅक्चर' लिहिलंय का बघा. काकूंचं मानेत मोडलं असेल. एक्स-रेच्या फोटोत पाहिलं तर अंतर जेमतेम दोन बोटांचं, पण सगळा फरक त्या दोन बोटांत आहे.

गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या मुख्य वाहिन्या मानेला चिकटून वर चढतात. मान तुटून सरकली की त्या फाटतात आणि गोळा उपाशी राहतो. स्क्रू घालून जोडला तरी पुष्कळदा जुळत नाही, किंवा जुळल्यावर वर्ष-दोन वर्षांत आतून मरून चेपतो. सांध्याच्या पिशवीच्या आतलं हे फ्रॅक्चर जुळत नाही, हे लंडनचे सर्जन ॲस्टली कूपर यांनी १८२२ सालीच लिहून ठेवलंय, तेही एक्स-रे नसताना. म्हणून सरकलेल्या मानेच्या फ्रॅक्चरला म्हाताऱ्या माणसात गोळा काढून धातूचा बसवतात. चाळिशीतला रुग्ण असेल तर मात्र आम्ही स्वतःचा गोळा वाचवायची धडपड करतो.

आईच्या जागी हाड जाळीदार आहे आणि रक्त भरपूर. तिथलं हाड जुळतं. भीती असते ती वाकडं जुळण्याची, कारण आजूबाजूचे स्नायू त्याला ओढत राहतात. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून बघा: तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसेल आणि पंजा बाहेर इतका कललेला असेल की करंगळीची कड गादीला टेकलेली असेल. मांडीच्या हाडाच्या पोकळीत घातलेला रॉड आणि त्यातून गोळ्यात जाणारा स्क्रू ही ओढ थोपवून धरतात. आणखी एक गोष्ट. हे फ्रॅक्चर सांध्याच्या पिशवीच्या बाहेर असल्यामुळे रक्त मांडीत मुरत जातं. बाहेर थेंबही सांडलेला नसतो आणि हिमोग्लोबिन ११ वरून ८ वर येतं. रक्ताची पिशवी आणायला सांगितली तर घाबरू नका, काहीतरी लपवताहेत असंही वाटून घेऊ नका.

आता वजन लावून झोपवण्याबद्दल. काही वर्षांपूर्वी एका आजींना घरच्यांनी बारा दिवस तसंच ठेवलं होतं. मांडीला बांबूच्या कामट्या बांधलेल्या, वर लेप. माझ्याकडे आणलं तेव्हा माकडहाडावर तळहाताएवढी जखम झाली होती आणि छातीत कफ भरला होता. ऑपरेशन करायच्या स्थितीत त्या आल्याच नाहीत. निमोनियाने गेल्या. मुलगा मला विचारत राहिला, "पाय मोडून माणूस मरतो का हो?" पाय मोडून नाही, पडून राहून मरतो. फुप्फुसं, लघवीचा संसर्ग, पाठीच्या जखमा, पायातल्या गुठळ्या, सगळं त्या गादीवर सुरू होतं. खुब्याचं फ्रॅक्चर झालेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक तरी वर्षभरात दगावतो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण म्हणूनच पहिल्या दोन दिवसांत ऑपरेशन करून माणसाला उठवून बसवायची घाई असते. साखर, बीपी, हृदयाची तपासणी जरूर होऊ द्या, मात्र त्या नावाखाली आठवडा जाऊ देऊ नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आजच सांगा.

रॉडचे स्वतःचे धोकेही आहेत. ठिसूळ गोळ्यात स्क्रू मधोमध आणि पुरेसा खोल बसला नाही तर तो हाड कापत वर निघतो. अमेरिकेतल्या बॉमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की समोरच्या आणि बाजूच्या फोटोत स्क्रूच्या टोकापासून गोळ्याच्या माथ्यापर्यंतची अंतरं मोजून बेरीज २५ मिलिमीटरच्या आत असेल, तर स्क्रू असा निघत नाही. त्यांच्याकडच्या अशा १२० स्क्रूंपैकी एकही निघाला नव्हता. माझ्या सुरुवातीच्या काळात एका आजोबांचा निघाला. स्क्रू मीच जरा वरच्या अंगाला घातला होता. सहाव्या आठवड्याचा तो फोटो मी अजून विसरलेलो नाही, आणि तेव्हापासून ही बेरीज केल्याशिवाय टाके घालत नाही. तुमच्या डॉक्टरांना खुशाल विचारा, रागावणार नाहीत.

सगळ्यात जास्त घाबरवते ती ऑपरेशननंतरची दुसरी-तिसरी रात्र. शांत स्वभावाची आई अचानक सलाईन उपटायला जाते, तुम्हाला ओळखत नाही, गेलेल्या माणसांशी बोलते. हे वेड नव्हे. बहुतेकदा काही दिवसांत ओसरतं. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र घरून आणा, दिवसा खिडकी उघडी ठेवा आणि रात्री ओळखीचा माणूस उशाशी असू द्या. नर्सलाही लगेच सांगा, कारण कधी कधी मागे संसर्ग किंवा तुंबलेली लघवी असते.

काकूंना मांडी घालून बसायला मनाई असेल, बॉल निखळू नये म्हणून. आईला ती भीती नाही. हाड जुळल्यावर ती देवापुढे मांडी घालून बसू शकेल का, हे गुडघे ठरवतील.

एक गोष्ट डिस्चार्जच्या गडबडीत राहून जाते. साध्या घसरण्याने खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, आणि त्यावर औषध आहे. ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक ॲसिड शिरेतून सुरू करून वर्षातून एकदा दिलं, तर नवीन फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी होतात, असं २००७ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं. आधी किडनी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासावं लागतं. डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

आणि वॉकर कुणाचा जुना आणणार असाल तर चारही पायांची रबरी बुटं आधी उलटी करून बघा. गेल्या पावसाळ्यात दुसरा खुबा मोडून आलेल्या एका आजींच्या वॉकरला तीनच होती.