गप्प राहणाऱ्या मुलीला लॅबमध्ये बसवावं का?

ताई,

खानापूर तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, आता बेळगावात पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) सायन्सच्या पहिल्या वर्षाला. कॉलेजात तोंड उघडत नाही, घरी पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसते. म्हणून ‘डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करू दे, लॅबमध्ये बोलायचं काम नाही’ असं तिचे वडील म्हणतात.

आधी लॅबचंच सांगतो. सकाळी तिथं उपाशीपोटी आलेल्यांची रांग असते. दंडाला पट्टा बांधायचा, शीर सापडेपर्यंत पेशंटला बोलण्यात गुंतवायचं, पोर रडलं तर त्याच्या आईला धीर द्यायचा. तेही कन्नड, मराठी, उर्दू, समोरच्याला जी येईल तिच्यात. कोर्स चांगला आहे, पण लपायला म्हणून घेतला तर फसगत होईल.

आता मुलीचं. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख-बहिर्मुख हा भेद मांडला तो मनाची ओढ आत की बाहेर, यावरून, भित्रेपणावरून नव्हे. १९८१ मध्ये जोनाथन चीक आणि अर्नॉल्ड बस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की बुजऱ्या माणसाला लोक नकोच असतात असं नाही. मिसळायची हौस आहे आणि भीतीही आहे, अशांची जास्त कुचंबणा होते.

पाहुण्यांना टाळणारी ही मुलगी आजीशी मात्र तासभर गप्पा मारते, असं तुम्हीच लिहिलंय. हा अंतर्मुख स्वभाव झाला, त्याला हात लावू नका. (‘घुमी’ म्हणणाऱ्या आत्याबाईंना तेवढं आवरा.) फिजिक्सच्या तासाला शंका वहीत लिहून ठेवते, विचारायचं म्हटलं की कान लाल होतात, हा बुजरेपणा. त्यातही मला निम्मी अडचण भाषेची वाटते. दहा वर्षं मराठीत शिकून एकदम इंग्रजी तास, शेजारच्या मैत्रिणी कन्नड बोलणाऱ्या. आपल्या भागात कितीतरी मुलांचं असं होतं, आणि आपण पोरगं अबोल आहे म्हणून मोकळे होतो.

वहीतली एखादी शंका तिनं इंग्रजीत नीट लिहावी आणि तास सुटल्यावर सरांना एकटं गाठून विचारावी. आठवड्यातून एकदा पुरे. झेरॉक्सच्या दुकानात कन्नडमध्ये बोलावं, चुकलं तर चुकलं. मात्र भीतीपायी कॉलेज बुडवायला लागली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, तो मोफत आहे.

आणि तिला स्वतःला काय व्हायचंय, हे तुमच्या चार पानी पत्रात कुठंच नाही. तेवढं विचारून कळवा, मग कोर्सचं बोलू.