राज्यसेवेतून उपशिक्षणाधिकारी पद घ्यावं का? मराठवाड्यात हे काम प्रत्यक्षात कसं असतं?

तुम्ही विचारलंय की घर परभणीकडं आहे, राज्यसेवेच्या पसंतीक्रमात उपशिक्षणाधिकारी कुठं टाकावं, रोजचं काम काय असतं आणि पुढं कुठवर जाता येतं.

आधी शिडी सांगतो. उपशिक्षणाधिकारी हे महाराष्ट्र शिक्षण सेवेच्या प्रशासन शाखेतलं गट-ब पद. नेमणूक जिल्हा परिषदेत मिळते, नाहीतर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी म्हणून. वर शिक्षणाधिकारी, गट-अ. त्यावर शिक्षण उपसंचालक. मराठवाड्यात अशी दोन कार्यालयं: लातूरकडं लातूर, नांदेड, धाराशिव, बाकीचे पाच जिल्हे छत्रपती संभाजीनगरकडं. पुढं सहसंचालक, संचालक, म्हणजे पुणे. आयुक्ताच्या खुर्चीत सहसा आयएएस अधिकारी असतो, त्यामुळं तुमची वाट संचालकापाशी थांबते.

पण तुम्ही काळजी पदोन्नतीची करताय, ती मला दुय्यम वाटते. शिक्षणाधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्या राहतात आणि गट-ब अधिकाऱ्याकडं अतिरिक्त पदभार येतो. म्हणजे मोठी सही लवकर हातात येते. बदली झाली तरी ती सही फायलीत राहते, आणि चौकशी लागते ती बऱ्याचदा दहा वर्षांनी.

त्यातली सगळ्यात जोखमीची सही वैयक्तिक मान्यतेची. खासगी अनुदानित संस्थेनं नेमलेल्या शिक्षकाला शिक्षणाधिकारी मान्यता देतो, मग शालार्थ (शिक्षकांच्या पगाराची सरकारी ऑनलाइन प्रणाली) क्रमांक पडतो आणि सरकारी पगार सुरू होतो. 2 मे 2012 च्या शासन निर्णयानं नवी भरती थांबली आणि 13 फेब्रुवारी 2013 पासून पहिली ते आठवीला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागू झाली. म्हणून नेमणूक या तारखांच्या आधीची दाखवणारे प्रस्ताव वर्षानुवर्षं येत राहिले. त्यातले काही खरेच अन्याय झालेल्यांचे असतात, हे विसरू नका. सरसकट फेटाळणं हीसुद्धा चूकच.

खरं-खोटं कसं ओळखायचं? प्रस्तावात संस्थेचा ठराव, जाहिरात, मागासवर्गीय कक्षानं तपासलेली बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांचा तक्ता), नियुक्ती आदेश, रुजू अहवाल आणि त्या वर्षाची संचमान्यता (शाळेला मंजूर शिक्षकपदांचा आदेश) असते. हे सगळे कागद संस्थेकडचे किंवा तिनं जोडलेले. त्यांवर थांबू नका. तुमच्याच कार्यालयाचं आवक-जावक रजिस्टर काढा. मान्यता जुनी आहे असं म्हणणं असेल तर त्या तारखेचं पान उघडून क्रमांक बघा: दोन नोंदींच्या मधे बारीक अक्षरात घुसवलेली ओळ, 412 नंतर 412/अ, त्याच पानावर वेगळी शाई. मग यूडायस, म्हणजे शाळांच्या माहितीची सरकारी प्रणाली, त्यातली त्या वर्षांची शिक्षक यादी बघा. माणूस 2011 पासून शिकवतोय आणि 2015 च्या यादीत त्याचं नावच नाही, तर संस्थेकडून लेखी खुलासा घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. मूळ हजेरीपत्रकही मागवा, झेरॉक्स नको. 2025 मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीच्या प्रकरणात उपसंचालक दर्जापर्यंत अटका झाल्या.

दुसरी कळीची गोष्ट पटाची. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 झाली की तिसरा. म्हणजे एकसष्टावं मूल हे एका माणसाची नोकरी असतं. दुबार नावं, दुसऱ्या शाळेत बसणारी मुलं इथंच सापडतात. वर्गात डोकी मोजा, हजेरी नंतर बघा.

बीड जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा या भागांतली ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडं निघतात. पट सप्टेंबरचा भरलेला, वर्ग डिसेंबरात रिकामा. मुलं गावात आजी-आजोबांकडं थांबावीत म्हणून हंगामी वसतिगृह असतं. त्याची तपासणी दुपारी केली तर काही कळत नाही, कारण दुपारी शालेय पोषण आहाराची पंगत असतेच. संध्याकाळी जेवणाच्या वेळी न सांगता जा. आणि उशीर करू नका: मंजुरी जानेवारीत आली तर तोवर मूल आईबापासोबत कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) गेलेलं असतं, ते मार्च-एप्रिलशिवाय परत येत नाही. माझ्या मते गटशिक्षणाधिकाऱ्याच्या वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम हेच, ऑक्टोबर संपायच्या आत प्रस्ताव मंजूर करून घेणं.

दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत परीरक्षण केंद्रं (प्रश्नपत्रिका ठेवायची ठिकाणं), रनर (त्या केंद्रांवर पोचवणारे), भरारी पथकं हेच चालतं. महिना-दीड महिना दुसरं काही होत नाही.

उरलेला वेळ औरंगाबाद खंडपीठ खातं. तिथं बरेच अधिकारी एका वाक्यावर चुकतात. ‘प्रस्तावावर सहा आठवड्यांत निर्णय घ्यावा’ असा आदेश आला की कारकून टिपणी लिहितो, ‘न्यायालयाच्या आदेशानुसार मान्यता देण्यात यावी’. निर्णय घ्या म्हणजे मान्यता द्या नव्हे. संस्थेला आणि शिक्षकाला सुनावणी द्या, रोजनाम्यावर (सुनावणीच्या नोंदीवर) सह्या घ्या, कारणं लिहून मंजूर किंवा नामंजूर करा. मुदतीत करा, नाहीतर अवमान याचिकेत उभं तुम्हालाच राहावं लागतं.

पसंतीक्रमाचं म्हणाल तर, उपजिल्हाधिकारी, तहसीलदार ही पदं हवी असतील तर ती वर ठेवा, मनाला समजावत बसू नका. पण शाळा बघायची खरी ओढ असेल तर गट-ब मध्ये हे पद मी पहिल्या दोन-तीनांत टाकेन. एका तालुक्यातल्या सगळ्या जिल्हा परिषद शाळा तुमच्या नजरेखाली असतात, हे दुसऱ्या पदावर मिळत नाही.

आणि निवड झालीच तर रुजू झाल्या दिवशी एक करा. आवक-जावकची चालू रजिस्टरं टेबलावर मागवा, शेवटच्या नोंदीखाली रेघ मारा, मधल्या कोऱ्या ओळी काटा मारून बंद करा आणि सही, तारीख, वेळ टाका. प्रलंबित प्रस्तावांची यादी संबंधित लिपिकाच्या सहीनिशी घ्या. सत्काराचे हार त्यानंतर.